मामा तलावाचा गाळ काढायचाय? आधी वरच्या शेतांकडे बघा

प्रश्न : आमच्या गावाला सुमारे 20 एकरांचा मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे. पूर्वी धानाच्या रोवणीनंतर पावसानं दडी मारली तरी दोन पाणी सहज मिळायचे. आता दिवाळी झाली की तलावात बेशरमाची झुडपंच दिसतात. आम्ही 26 शेतकऱ्यांनी मिळून गट केला असून वर्गणीतून जेसीबी लावून गाळ काढणार आहोत. किती खोल काढावा? कोणत्या शेतात टाकावा? वरच्या अंगाचे शेतकरी मात्र गटात यायला तयार नाहीत. (भंडारा जिल्ह्यातील शेतकरी)

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण खरं दुखणं तिथंच आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

वरचे शेतकरी का येत नाहीत? तलावाचं पाणी त्यांच्या बांधीत (धानाच्या शेतात) चढत नाही. मासे त्यांचे नाहीत. उलट दर पावसाळ्यात त्यांचीच माती वाहून तुमच्या तलावात येते. तुम्ही ज्याला गाळ म्हणता ती त्यांच्या बरडी आणि सिहार या हलक्या जमिनींची वरची कसदार माती आहे. त्यांना नुसतं ‘वर्गणी द्या’ म्हटलं तर ते कशाला येतील? माझं स्पष्ट मत असं, की गाळाच्या पहिल्या ट्रॉल्या त्यांच्या शेतात टाका आणि वर्गणीतला पहिला पैसा त्यांचे धुरे (शेताचे बांध) दुरुस्त करण्यावर खर्च करा. तुमच्यातल्या काहींना हे रुचणार नाही. पण वरची माती थांबली नाही तर आज काढलेला गाळ पुन्हा भरेल, आणि पुन्हा वर्गणी काढायला लोक तयार होणार नाहीत.

आपल्याकडे वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर 1 कोटी 30 लाख लिटर पाणी. ते जोरानं धावलं तर माती घेऊन धावणारच. म्हणून काम माथ्यापासून पायथ्याकडे. वरच्या उताराच्या मुरमाड पडीक जागेत सलग समतल चर घ्या, 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल. दोन ओळींत दहा मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी सुमारे एक हजार मीटर चर बसतात, आणि एका भरण्यात 1 लाख 80 हजार लिटर पाणी अडतं. चराची माती खालच्या अंगाला टाका. समपातळी नजरेनं काढू नका, पारदर्शक नळीत पाणी भरून काढा. चर तिरका गेला तर तोच नाला होतो.

इथं एक सावधगिरी. तलावाच्या वर झुडपी जंगलाची नोंद असलेली जमीन बहुतेक गावांत असते. ती वन समजावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे 2025 मधला निकाल आहे. वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथं जेसीबी घालू नका. सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेचा ठराव करून वन विभागाशी बोलणं सोपं जातं.

शेतातले धुरे फुटले असतील तर ते बांधून, जादा पाणी जाण्याची जागा दगडानं पक्की करा. धान निघण्याआधी ओलीवर लाखोळी किंवा जवस उतेरा म्हणून (उभ्या पिकात) फेकला तर जमीन उघडी राहत नाही. तलावाच्या काठावरची, पाणी ओसरल्यावर नांगरली जाणारी जमीन मात्र नांगरू नका. ती भुसभुशीत माती पहिल्याच पावसात तलावात बसते.

आता गाळ. किती फूट, याचं ठरलेलं उत्तर नाही. तलावात चार-पाच ठिकाणी हातानं खड्डे खणून बघा. वर काळा चिकट गाळ, खाली कधी तरी जुनी घट्ट माती लागते. तिथं थांबा. आपल्या तलावांचं पाणी त्या चिकणमातीच्या थरामुळं टिकतं. मुरूम लागेपर्यंत खणलं तर तलाव खोल होईल पण पाणी झिरपून जाईल. असे खोल पण कोरडे तलाव मी पाहिले आहेत. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) पायथ्यापासून किमान वीस पावलं सोडूनच यंत्र चालवा, नाहीतर पाळ ढासळेल. पाळीवरची जुनी मोठी झाडं तोडायची नाहीत. मुळं कुजली की आत पोकळ वाट तयार होते आणि तिथूनच पाळ फुटते.

गाळ बाटलीत पाण्यासोबत घालून हलवा. एका मिनिटात बराच भाग तळाशी बसला तर त्यात रेती जास्त आहे, तो शेताला फार कामाचा नाही. चांगला गाळ बरडी, सिहार, खरडीत टाका. कन्हारीत (भारी काळ्या जमिनीत) नको. तिथं आधीच पाणी साचतं. एकरी दोन इंच पुरे. त्याला सुमारे 200 घनमीटर, म्हणजे तीन घनमीटरच्या 65-70 ट्रॉल्या लागतात. यापेक्षा जास्त टाकून पहिल्याच वर्षी चमत्काराची वाट बघू नका. सोबत शेणखत द्या आणि माती तपासून घ्या. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत लहान शेतकऱ्यांना वाहतुकीसाठी अनुदान आहे, चालू दर तालुक्यात विचारा.

बेशरम उन्हाळ्यात मुळासकट काढून काठापासून दूर वाळवा. तुकडा ओलीत पडला की पुन्हा फुटतो. पण तलाव पार सफाचट करू नका. पाण्यातल्या देशी वनस्पतींत मरळ, शिंगूर, मागूर वाढतात. गवत्या मासा सोडला तर तो त्या वनस्पती खाऊन टाकतो. हे सगळं गावातल्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या) भावांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पाणी कुठं खोल, कुठं झरा, हे तेच सांगतील. तुमच्या 26 जणांत त्यांचा एकही नसेल तर आधी त्यांना बोलवा. मासेमारी संस्थेचा ठेका असेल तर काम सुरू करायच्या तारखेवर त्यांची संमती घ्या.

मालगुजारी 1951 च्या सुमारास संपली तेव्हा तलाव शासनाकडे गेले, गावाचे निस्तार हक्क (गावकऱ्यांचे वापराचे हक्क) मात्र कागदावर राहिले. तलाठ्याकडून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रूढी-हक्कांची नोंद) यांची नक्कल काढा. सिंचन आणि वापराचे हक्क कुणाचे, ते त्यात सापडतं. तलाव जिल्हा परिषदेकडे असेल तर गाळ काढायला लघुसिंचन विभागाची लेखी परवानगी लागते.

ग्रामसभेचा ठराव, निस्तार पत्रक आणि वरच्या शेतांचे सातबारे घेऊन आमच्या कार्यालयात या, चराची आखणी एका दिवसात करून देतो. नळी आमच्याकडे आहे. फक्त मागच्या गटासारखी भिजकी परत आणू नका.