'ऑडी' हे नाव कुठून आलं आणि तिच्या चिन्हात चार कड्या का असतात?

'ऑडी' म्हणजे लॅटिनमध्ये 'ऐक!'. मूळ माणूस ऑगस्ट हॉर्ख. त्यांनी १८९९ मध्ये कोलोनला स्वतःच्या नावाने कंपनी काढली, पुढे ती झ्विकाऊला नेली. १९०९ मध्ये सहकाऱ्यांशी बिनसलं, तेव्हा बाहेर पडून त्याच गावात दुसरी कंपनी उभी केली. पण कोर्टाने स्वतःचंच आडनाव वापरायला मनाई केली! नव्या नावासाठी मित्राच्या घरी खल चालला होता. तिथेच लॅटिनचा अभ्यास करत बसलेला मित्राचा मुलगा म्हणाला, 'हॉर्ख'ऐवजी 'ऑडी' म्हणा की. जर्मनमध्ये 'हॉर्ख' म्हणजेही 'ऐक'. मला हा प्रसंग फार आवडतो; हिरावलेलं नाव त्या पोराने भाषा बदलून परत मिळवून दिलं.

चार कड्या १९३२ च्या. मंदीत ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्ख आणि वाँडरर एकत्र येऊन 'ऑटो युनियन' झाली. प्रत्येकीची एक कडी. महायुद्धानंतर झ्विकाऊ सोव्हिएत ताब्यात गेलं, म्हणून १९४९ मध्ये इंगोलश्टाटला नव्याने सुरुवात झाली. साठच्या दशकात फोक्सवॅगनने कंपनी घेतली आणि १९६५ मध्ये 'ऑडी' हे नाव पुन्हा गाडीवर झळकलं. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातही ऑडीच्या गाड्यांची जुळणी होते.