संथ की पाणी घातलेली?

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर इंग्रजीतून अनुवादित एका मानसशास्त्रीय थरारकादंबरीवरून दोन तट पडलेत. सून सासूची शुश्रूषा करते, औषधाची बाटली कधी फळीवर, कधी खिडकीत सापडते, नवरा म्हणतो, ‘तूच ठेवली असशील.’ 340 पैकी पहिली 130 पानं एवढंच. माझ्या मते शेवट जबरदस्त, पण आधीचा भाग पाणी घालून वाढवलेला. बाकीचे म्हणतात, संथपणा हाच तिचा गुण. खरं कोणाचं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : रहस्यकथेत पहिल्याच प्रकरणात मुडदा पडतो आणि ‘कोणी मारलं?’ हा प्रश्न पुढे ओढत नेतो. मानसशास्त्रीय थरारकादंबरीत प्रश्न असतो, ‘सांगणारीवर विश्वास ठेवायचा का?’ म्हणून घटना मोजू नका, विश्वास कुठे हलला ते बघा. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक प्रकरणाखाली एक ओळ लिहा : आधी खरी वाटलेली कोणती गोष्ट आता तशी वाटत नाही? बाटली पहिल्यांदा तिने स्वतः ठेवलेली असते, दुसऱ्यांदा नवरा ‘तूच ठेवलीस’ म्हणतो, तिसऱ्यांदा तिला तसं अंधूक आठवायलाही लागतं. ही चाल आहे, पानं कितीही लागोत. तीच बाटली, तीच धडधड, तेच शब्द असतील आणि सलग तीन प्रकरणांखाली ओळ कोरी राहिली, तर तुमची तक्रार रास्त आहे.

आणखी एक दोष नीट ओळखायला हवा. सुनेला आठवत नाही म्हणून आपल्याला कळत नाही, हे ठीक. तिला ठाऊक आहे, तिच्या मनातलं सगळं आपण वाचतोय आणि नेमकं तेवढंच लेखक गाळतो, ही लबाडी. शेवटानंतर पहिली दोन प्रकरणं पुन्हा वाचा. तीच वाक्यं आता दुसरा अर्थ सांगू लागली, तर ती पानं वाया गेलेली नाहीत.

मात्र तुम्ही अनुवाद वाचलाय, आणि या प्रकारात अनुवाद फार काही बिघडवू शकतो. मराठीत संशय क्रियापदात राहतो. ‘बाटली मीच ठेवली’, ‘मीच ठेवली असेन’, ‘मीच ठेवली म्हणे’ : तीन वाक्यं, खात्रीच्या तीन पायऱ्या. अनुवादकाने सगळीकडे सरसकट ‘ठेवली’ केलं की संशय उडतो आणि हाती नुसता संथपणा उरतो. तेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’चं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. घरी येणाऱ्या डॉक्टरांना सून दुसऱ्याच भेटीत ‘तू’ म्हणाली, तर दोनशे पानांनी उघड व्हायची जवळीक तिथेच फुटते. काही ठिकाणी तर अनुवादकाचा इलाज चालत नाही. डॅफ्ने द्यु मोरिएच्या ‘रिबेका’ या इंग्रजी कादंबरीत (1938) निवेदिकेचं नाव शेवटपर्यंत येत नाही, ते मराठीतही साधतं. पण निवेदक बाई की पुरुष हेच लपवायचं असेल, तर ‘मी आलो’ की ‘मी आले’ इथेच गुपित संपतं. तेव्हा कट्ट्यावर निकाल देण्याआधी कंटाळवाणी वाटलेली चार-पाच पानं मूळ इंग्रजीशी ताडून बघा. दोष लेखकाचा की अनुवादाचा, हे बहुधा तिथे कळेल.

वाचायची पद्धतही तपासा. सांगली–मिरज बसमध्ये रोज सहा-सात पानं वाचली, तर फळीवरची बाटली खिडकीत गेल्याचं लक्षातच येत नाही. अशी कादंबरी एका बैठकीला 40-50 पानं तरी वाचावी आणि दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.

प्रश्न : अशा कादंबरीवर अभिप्राय लिहिताना कथानक किती सांगावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या चौथाईपर्यंतचं सांगा, पुढचं नको. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ हेही लिहू नका. तेवढं कळलं की वाचक पहिल्या पानापासून प्रत्येकावर संशय घेतो आणि हळूहळू विश्वास ढळण्याची गंमत जाते. संथपणाबद्दल लिहायचंच असेल तर ‘रटाळ’ म्हणून सोडून न देता कुठल्या प्रकरणात अडकलात ते लिहा, आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव जरूर द्या.