‘दोक्तोर, रा’ मधला तो ‘रा’ आणि दोर्मीरपुढचं पी-आर-एन-एल

तुम्ही विचारलंय की स्पॅनिश डिक्शनरीत ‘दोक्तोर, रा’ असं छापलेलं असतं, त्यातल्या ‘रा’चं करायचं काय, आणि क्रियापदापुढे टी-आर, आय-एन-टी-आर, पी-आर-एन-एल अशी जी अक्षरं येतात ती न वाचता सरळ अर्थाकडे गेलं तर चालतं का. पहिलं सोपंय. दुसऱ्याला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे, अजिबात चालत नाही.

स्वल्पविरामानंतर स्त्रीलिंगी रूपाचं फक्त शेवटचं अक्षर देतात. ते शब्दाच्या मागे चिकटवायचं नसतं, शेवटच्या अक्षराच्या जागी बसवायचं असतं. दोक्तोरचा र गेला, रा आला, दोक्तोरा. ‘निन्यो, न्या’चं निन्या. रोमन लिपीत बघताना घोळ होतो म्हणून एकदा वहीत देवनागरीत लिहून बघा, लगेच दिसेल.

आता क्रियापदं, इथे खरी मजा आहे. टी-आर म्हणजे सकर्मक, आय-एन-टी-आर अकर्मक, आपल्या कोशात सक्रि., अक्रि. असतं तेच, आणि पी-आर-एन-एल म्हणजे ‘से’ लावून वापरायचं रूप. दोर्मीर घ्या. अकर्मक असेल तर झोपणे, ‘से’ लागून दोर्मीरसे झालं की झोप लागणे, आणि सकर्मक असेल तर बाळाला झोपवणे. मराठीत आपण तिन्हीला वेगळं बोलतो ना, मी आठ तास झोपलो आणि मला सिनेमात झोप लागली यातला फरक कोणी शिकवावा लागत नाही, तोच फरक तिथे त्या बारीक अक्षरांत आहे आणि तीच सोडली तर तिन्ही अर्थ एकत्र कालवले जातात. शिकणाऱ्यांच्या डिक्शनरीत याच शब्दापुढे कंसात ‘यू-ई, यू’ असतं, म्हणजे मधला ओ कधी उए होतो (दुएर्मो, मी झोपतो) आणि कधी नुसता उ (दुर्म्यो, तो झोपला).

रेआल आकादेमियाच्या, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या अकादमीच्या, कोशात ‘यू. टी. सी. एस.’ दिसलं तर घाबरू नका, नाम म्हणूनही वापरतात एवढंच. होवेन म्हणजे तरुण, आणि आपलं तरुण जसं ‘तरुण मुलगा’ आणि ‘एक तरुण आला’ दोन्हीकडे चालतं तसंच.

आग्वापुढे (म्हणजे पाणी) एफ, म्हणजे स्त्रीलिंगी, बघून, मग ‘ला आग्वा’ न म्हणता पुल्लिंगी नामाआधीचं एल लावून ‘एल आग्वा’ का म्हणतात, हेही बरेच जण विचारतात. छपाईची चूक नाही ती, पाणी तिकडे स्त्रीलिंगीच आहे, फक्त सुरुवातीच्या आ वर आघात आहे म्हणून एकवचनात ला च्या जागी एल येतं. विशेषण स्त्रीलिंगीच राहतं, एल आग्वा फ्रीआ, आणि अनेकवचनात लास आग्वास.

देशांची नावं असतात तीही वाचत जा. कोखेर स्पेनमध्ये घेणे, पकडणे, बस पकडायलाही तेच, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो चारचौघांत न बोलण्यासारखा शब्द आहे आणि डिक्शनरी ते त्या देशांच्या नावासकट सांगते.

आणि हो, रद्दीवाल्याकडून जुनी डिक्शनरी घेतली असेल तर १९९४ च्या आधीची आहे का बघा. तेव्हा सी-एच हे वेगळं अक्षर धरायचे, त्यामुळे चिको हा शब्द सी मध्ये सापडणार नाही, सी पूर्ण संपल्यावर वेगळा विभाग आहे तिथे शोधा.