विचाराने कळणे आणि साक्षात अनुभूती यांत फरक काय?

विचाराला नेहमी समोर एखादा विषय लागतो. अद्वैत वेदान्त ज्याला अपरोक्षानुभूती म्हणतो, तिच्यात जाणणारा आणि जाणले जाणारे हा भेदच उरत नाही. पण म्हणून विचार टाकाऊ ठरत नाही: बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन (ऐकलेल्या सत्याचे अखंड ध्यान) सांगतात, आणि मनन म्हणजे शंका फिटेपर्यंत चालवलेला तर्कच होय. खरा वाद शेवटच्या पावलाचा आहे. अद्वैतातल्याच विवरण संप्रदायाच्या मते महावाक्याच्या, म्हणजे ‘तत्त्वमसि’सारख्या जीव-ब्रह्माचे ऐक्य सांगणाऱ्या उपनिषद-वाक्याच्या, श्रवणानेच साक्षात ज्ञान होते, तर त्यातल्याच भामती संप्रदायाच्या मते ते निदिध्यासनाने संस्कारित झालेल्या मनाला होते. मला पहिले मत अधिक पटते, कारण दहा जणांनी नदी ओलांडल्यावर सोबत्यांना मोजताना स्वतःलाच विसरून नऊच मोजणाऱ्या माणसाला ‘दहावा तूच’ एवढे सांगणे पुरते. निदिध्यासनाकडे मग जुन्या सवयीने परतणारी देहबुद्धी घालवण्याचे काम उरते.