वाचकांचे प्रश्न : फलकावरची आजी आणि रुमालवाला मुलगा

प्रश्न : फोंड्यातल्या आमच्या सोसायटीत सायबर फसवणुकीचा फलक लावायचा आहे. नमुन्यात काठी टेकलेली आजी आणि तोंडाला रुमाल बांधून मोटरसायकलवर बसलेला मुलगा आहे. वर ‘ज्येष्ठांनो, सावधान!’ मुलांना हे चित्र खटकतं. त्यांची हरकत बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर आहे, आणि आजींनीही हरकत घ्यायला हवी. ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे फोनवरच अटक झाल्याची खोटी धमकी देणारा मोटरसायकलवरून येत नाही. तो व्हिडिओ कॉलवर पोलिसांचा गणवेश घालून बसतो. रुमालवाल्याकडे बोट दाखवलं की गणवेशवाल्यावरचा संशय आपोआप उतरतो, आणि रात्री क्लासवरून परतणारा मुलगा मात्र गेटवर अडवला जातो.

आजींचं नुकसान याहून मोठं. ‘भोळ्या, असहाय’ हा शिक्का एकदा बसला की पैसे गेल्यावर त्या गप्प राहतात. घरात कळलं तर मोबाइल आणि पासबुक काढून घेतील, ही धास्ती. घात इथेच होतो. रक्कम एका खात्यातून पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली तरच परत मिळण्याची आशा. म्हणून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर, पहिल्या तासाभरात फोन जायला हवा. शिवाय म्हातारेच फसतात हेही खरं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक-संरक्षण संस्थेकडच्या तक्रारींत पैसे गमावल्याचं प्रमाण सत्तरीपेक्षा विशीत जास्त दिसतं; सत्तरीतल्यांची रक्कम मात्र मोठी असते. आपल्याकडेही पार्ट-टाइम ‘टास्क’च्या (घरबसल्या छोट्या कामांतून कमाईचं आमिष दाखवून पैसे भरायला लावणाऱ्या) जाळ्यात तरुण सापडतातच.

तेव्हा फलकावर माणूस नको, युक्ती दाखवा : ‘व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. फोन ठेवा. १९३० लावा.’ आकडे अडीच सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे तीन मीटरवरून वाचता येतील. खाली लहान अक्षरांत लिहा : रक्कम, वेळ, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा, चॅट पुसू नका. ‘चूक तुमची नाही’ ही ओळ गाळू नका. तक्रारीला उशीर होतो तो लाजेपायी. छापण्याआधी कच्चा फलक एका सत्तरीच्या आणि एका विशीच्या रहिवाशाला दाखवून विचारा, ‘यात तुम्ही कोण?’ उत्तर ‘चोर’ किंवा ‘बिचारी’ आलं, तर चित्र बदला.

प्रश्न : भाडेकरू पडताळणीचा अर्ज फक्त एकट्या राहणाऱ्या तरुणांकडूनच घ्यावा का?

उत्तर : नाही. पडताळणी भाडेकरूची असते, वयाची नव्हे. साठीचं जोडपं भाड्याने राहत असेल तर त्यांचाही अर्ज भरा.