आधी निरोगी प्राणी ओळख

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

समुद्री प्राण्यांच्या रक्तावरचं काम शिकायला जाताना क्यूपीसीआरवर (मोजक्या जनुकांचं काम मोजायची पद्धत) हात बसवावा की थेट आरएनए सीक्वेन्सिंगकडे (सगळ्या जनुकांचं काम एकदम वाचायची पद्धत) वळावं, असं तू विचारलं आहेस. दोन्ही शीक. पण त्याआधी मला तुझं लक्ष दुसरीकडे वळवायचं आहे. डॉल्फिनच्या किंवा सीलच्या रक्तात एखादं जनुक किती काम करतंय, म्हणजे त्याच्या आरएनए प्रती किती बनताहेत, हे मोजणं आता फारसं कठीण राहिलेलं नाही. कठीण आहे ते, आलेला आकडा जास्त म्हणायचा की कमी, हे ठरवणं. त्यासाठी निरोगी प्राण्याचा आकडा आधी माहीत हवा, आणि तो मिळवायला वर्षं लागतात.

अलास्काचं उदाहरण तू नीट अभ्यासावंस असं मला वाटतं. 24 मार्च 1989 ला एक्झॉन व्हॅल्डीझ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढलं आणि सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात सांडलं. समुद्री पाणमांजरांची जवळजवळ हजार प्रेतं हाती लागली. या प्राण्याच्या अंगावर सीलसारखा चरबीचा थर नसतो. त्याची सगळी ऊब दाट केसांत असते. तेलानं केस चिकटले की थंडीच त्याला मारते. हे मरण सगळ्यांना दिसलं. न दिसणारी गोष्ट नंतर सुरू झाली. वर्षं लोटली तरी तिथल्याच नाइट बेटाच्या उत्तरेला पाणमांजरांची संख्या वाढेना. पाणी तर स्वच्छ दिसत होतं! तेल उरलं होतं ते किनाऱ्याच्या गाळात, दगडगोट्यांखाली. आणि पाणमांजर शिंपल्यांसाठी तोच गाळ उकरतं. रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव पट अन्न लागणारा प्राणी किती उकरत असेल, याचा विचार कर.

तेल अजून त्यांच्या शरीरात शिरतंय का, हा खरा प्रश्न होता. नेहमीच्या रक्ततपासणीत यकृताला इजा झाली की ती दिसते, पण इजेच्या आधी पेशींनी सुरू केलेली धावपळ दिसत नाही. ती आरएनएत दिसते. तेलातले हायड्रोकार्बन पेशीत शिरले की एएचआर नावाचा ग्राही, म्हणजे पेशीतलं असे रेणू ओळखणारं प्रथिन, त्यांना पकडतो. ताण आला की एचएसपी70 या जनुकाचं काम वाढतं. विषाणू आला की एमएक्स1 या जनुकाचं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या लिझबेथ बोवेन, कीथ माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मोजक्या जनुकांचा संच बांधला.

त्यांनी तो ज्या क्रमानं बांधला, तो मला फार मोलाचा वाटतो. पाणमांजराला तेल खाऊ घालून बघता येत नाही, घालूही नये. म्हणून त्याच्याच कुळातल्या, पिंजऱ्यात वाढवलेल्या मिंक या छोट्या प्राण्यांना इंधन तेल देऊन रक्तातली कोणती जनुकं हलतात ते आधी पाहिलं गेलं. ते काम 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. मग पशुवैद्यांनी तपासून निरोगी ठरवलेल्या पाणमांजरांचे आकडे जमवले. प्रिन्स विल्यम साउंडच्या जंगली प्राण्यांची त्यांच्याशी तुलना झाली ती त्यानंतर. 2008 मध्ये घेतलेल्या रक्तात, म्हणजे गळतीनंतर जवळपास दोन दशकांनी, तेल लागलेल्या भागातल्या पाणमांजरांची जनुकं दीर्घकाळ थोडं थोडं विष अंगात जात असल्यासारखी वागत होती. 2014 मध्ये याच खात्यानं संख्या गळतीपूर्व पातळीवर आल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात संख्या का अडली होती, हे समजायला प्रेतांच्या मोजणीइतकाच त्या रक्ताचाही उपयोग झाला.

मेक्सिकोच्या आखातातही हेच दिसतं. 2010 च्या डीपवॉटर होरायझन गळतीनंतर 2011 मध्ये लुइझियानाच्या बॅराटारिया उपसागरातले डॉल्फिन पकडून तपासले, तेव्हा फुप्फुसांचे मध्यम ते गंभीर आजार होण्याची शक्यता तिथे पाचपट आढळली. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरकंही कमी होती. पाचपट कुणाच्या? फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरातल्या डॉल्फिनच्या. तिथे 1970 पासून अभ्यास चालू आहे. कोणती मादी कुणाची आई, कोण कधी जन्मलं, हे तिथल्या लोकांना ठाऊक असतं. गळती झाली तेव्हा तुलनेला सारासोटा तयार होतं, कारण चाळीस वर्षं कुणीतरी, कुठलंही संकट नसताना, तिथे जाऊन नोंदी ठेवत होतं. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता रक्ताबद्दल थोडं. सस्तन प्राण्याच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे तुला हवी ती माहिती मुख्यतः पांढऱ्या पेशींतून येते. नव्या तांबड्या पेशींतला ग्लोबिनचा (हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाचा) आरएनए मात्र भरपूर असतो आणि सीक्वेन्सिंगमध्ये तो बाकीच्यांची जागा खातो. त्याची सोय आधीच करून ठेव. पांढऱ्या पेशींचं प्रमाणही स्थिर नसतं. जाळ्यात सापडलेला प्राणी घाबरतो, कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढतं, पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिंफोसाइट आणि इओसिनोफिल घटतात. डॉल्फिनच्या रक्तात इओसिनोफिल मुळातच बरेच असतात, म्हणून हा बदल मोठा दिसू शकतो. एकाही पेशीनं आपलं वागणं बदललेलं नसताना तुझ्या आलेखात शंभर जनुकं ‘बदललेली’ दिसतील. म्हणून त्याच रक्ताची पेशीगणना केल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नकोस. प्राणी जाळ्यात आल्यापासून सुई लागेपर्यंत किती मिनिटं गेली, हेही प्रत्येक वेळी लिही. वय, लिंग, गाभण आहे का, केस गळण्याचा हंगाम आहे का, हे सगळं त्याच पानावर हवं.

नळीच्या बाबतीत कडक राहा. रक्त बाहेर आल्यावरही पेशी जिवंत असतात आणि नव्या परिस्थितीला उत्तर देत राहतात. पॅक्सजीन या आरएनए टिकवायच्या खास नळीतलं रसायन त्यांना तिथल्या तिथे थांबवतं. 2.5 मिलीलीटर रक्त, 6.9 मिलीलीटर द्रावण. कमी रक्त चालेल म्हणून अर्धी नळी भरू नकोस, प्रमाण बिघडतं. आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी कर, किमान दोन तास साध्या तापमानाला ठेव, मगच गोठव. बोटीवर बर्फ हाताशी असला की नळी लगेच त्यात खुपसायचा मोह होतो. तो आवर.

क्यूपीसीआरमध्ये दर चक्राला प्रती दुपटीच्या आसपास वाढतात, त्यामुळे 3.3 चक्रांचा फरक म्हणजे साधारण दहापट. पण हा फरक ज्या संदर्भ जनुकाशी (ज्याचं काम कायम सारखंच असतं असं धरतात) ताडून काढतेस, ते तुझ्या प्राण्यात खरंच स्थिर आहे का? माणसात स्थिर असलेलं जनुक देवमाशात स्थिर असेलच असं नाही. हे तपासण्यात एक महिना गेला तरी जाऊ दे.

तुला शेवटी सिंधुदुर्गात परतून काम करायचं आहे, हे वाचून मला आनंद झाला. मात्र तिथे रक्त मिळेल असं गृहीत धरू नकोस. सॅन दिएगोला अमेरिकी नौदलाचे डॉल्फिन शिकवल्याप्रमाणे स्वतःहून शेपूट पुढे करतात आणि शांतपणे रक्त देतात. आपल्याकडे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन कोंडून त्यांचे खेळ दाखवण्याला, परवानगी नाकारली, आणि ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. जंगली डॉल्फिन पकडायचा तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची सर्वांत कडक संरक्षण देणारी पहिली अनुसूची आडवी येते, आणि तिनं यावंच. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या डॉल्फिनच्या रक्तातून जनुकांची सक्रियता वाचता येत नाही. त्याचे दात, चरबी, पोटातलं अन्न मात्र पुष्कळ सांगतं.

पण पाठीवर कुबड असलेले आपले डॉल्फिन किनाऱ्याजवळच राहतात, आणि पाठपरांवरच्या खाचांचे फोटो काढून एकेक प्राणी ओळखता येतो. तुझं सारासोटा तिथून सुरू होईल. कोण कुणाबरोबर फिरतं, कुठल्या मादीला कधी पिल्लू झालं, कुणाच्या अंगावर जाळ्याचा व्रण आहे, हे दहा वर्षं लिहून ठेवलंस, तर पुढे एखादा अडकलेला डॉल्फिन सोडवताना पशुवैद्याला परवानगीनं एक नळी रक्त मिळालं, तर तो प्राणी कोण हे तरी तुला माहीत असेल.

तिकडे शिकायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या आधी पशुवैद्याला भेट. शेपटीची शीर कशी शोधतात ते बघ, आणि गेल्या हंगामातल्या पेशीगणनेचे कागद मागून घे. ते वाचून झाले की मला लिही. कोणती जनुकं निवडायची ते आपण त्यानंतर बोलू.

कळावे,
तुझी मॅडम