शृंगी घुबडाच्या किती जवळ जाऊ?

प्रश्न : आमच्या शेताकडेच्या ओढ्याच्या दरडीत शृंगी घुबडाची मादी अंड्यांवर बसली आहे. मी नुकतीच ६०० मिमीपर्यंतची लेन्स घेतली आहे. पिलं निघाली की रोज फोटो काढायचे आहेत. किती जवळ जाऊ? रात्री फ्लॅश चालेल का? आजी म्हणते, शेतात घुबड म्हणजे अवदसा.
– एक वाचक, पुरंदर तालुका

उत्तर : आधी माझं पाप सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी अशाच दरडीत मला घरटं सापडलं. घरटं कसलं, कपारीतली उघडी माती आणि तिच्यावर तीन पांढरट अंडी. मार्चातली भर दुपार. समोर घाणेरीची एक फांदी आडवी येत होती, ती मोडली. मादी उठली आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसली. तिथं कावळ्यांनी तिला भंडावून सोडलं. ती परत येईल म्हणून मी तासभर तिथंच! मी आहे म्हणूनच ती येत नाही, एवढं कळायला मला तास लागला. तिसऱ्या दिवशी कपार रिकामी. अंडी मुंगसानं नेली की कुत्र्यानं, देव जाणे. आडोसा मोडला होता मी. तो फोटो अजून आहे, कुणाला दाखवत नाही.

तेव्हा अंडी आहेत तोवर तिकडे फिरकू नका. उबवणीला महिन्याहून थोडे जास्त दिवस लागतात, तेवढा धीर धरा. पुढेही ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, झुडपाआड बसा. तुमची लेन्स त्यासाठीच आहे. किती मीटर ते मी सांगणार नाही, मादीच सांगेल. डोळे अर्धवट मिटून पेंगत असेल तर ठीक. ताठ होऊन नारिंगी डोळे तुमच्यावर रोखले, की मागं सरका. पंख पसरून चोच कटकटवली, तर तुम्ही फारच पुढं गेलात. त्या दिवशी कॅमेरा बंद.

फ्लॅश नको, बॅटरीचा झोतही नको. मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवणं तर अजिबात नको. दुसरा नर आला समजून हा शिकार सोडून त्याला हाकलत बसतो आणि पिलं उपाशी. सूर्यास्ताआधी तासभर जाऊन बसा. अंधारू लागताच ‘बू-बोऽ’ घुमेल, तेव्हा आकाशात उरलेल्या उजेडावर छायाचित्र काळं का होईना, सुंदर येतं.

पिलं उडता येण्याआधीच चालत घरट्याबाहेर पडतात. बांधावर दिसलं तर ‘पोरकं’ म्हणून घरी आणू नका, आई जवळच असते. आणि जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका. दिवाळीत अघोरी पूजांसाठी घुबडं पकडणारेही फोटो बघतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं हे ‘शिकारी’च्या व्याख्येतच बसतं, हेही ध्यानात असू द्या.

राहिल्या आजी. घुबड नेहमी बसतं त्या दगडाखाली केसांच्या, हाडांच्या राखाडी गोळ्या पडलेल्या असतात. न पचलेलं ते असं ओकून टाकतं. पिलं उडून गेली की दोन-चार गोळ्यांचे तिथंच जवळून फोटो काढा आणि त्यातल्या उंदरांच्या कवट्या आजींना मोजायला द्या. यंदा ज्वारी किती वाचली, याचा हिशेब त्या तुमच्यापेक्षा चोख करतील.